वाड्यातला गर्डर कोट्यवधींचा नाही

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. दांडिया बाजारातल्या ग्रुपवर आला, तिथून रावपुऱ्यात गेला, आणि आता भाचे-पुतणे तो पुण्याहून परत आम्हालाच पाठवतात. मजकूर थोडक्यात असा: "1945 मध्ये पहिला अणुबॉम्ब फुटला, तेव्हापासून जगात बनलेले सगळे पोलाद किरणोत्सारी आहे. शुद्ध पोलाद फक्त समुद्राच्या तळाशी उरले, कारण पाण्याने ते वाचवले. एमआरआय, एक्स-रे, उपग्रह हे सगळे त्याच पोलादाचे बनते. म्हणूनच बुडालेली जहाजे चोरीला जात आहेत. भाव सोन्याहून जास्त. तुमच्या वाड्यात 1945 पूर्वीचा गर्डर किंवा तिजोरी असेल तर भंगारात देऊ नका, अलंगचे एजंट किलोला लाखो रुपये देतात."

मकरपुरा जीआयडीसीत माझे काम वेल्डिंग तपासणीचे. प्रेशर व्हेसलच्या जोडात पोकळी राहिली का, स्लॅग (वितळलेल्या धातूवरचा मळ) अडकला का, हे आम्ही गॅमा किरणांनी फिल्म काढून बघतो. इरिडियमचा सोर्स (किरणे सोडणारा धातूचा तुकडा), छातीवर अंगाला लागलेली किरणे मोजणारा टीएलडी बॅज, हातात मिल टेस्ट सर्टिफिकेट म्हणजे पोलादाचा कारखान्याचा दाखला, असा रोजचा संसार. त्यामुळे या मजकुरात खरे किती आणि मीठमसाला किती हे सांगायचा थोडा अधिकार आहे असे समजतो. गंमत म्हणजे यातले पहिले वाक्य निम्मे खरे आहे आणि बाकी सगळे त्या निम्म्या खऱ्याच्या आधाराने उभे आहे.

"1945 नंतरचे सगळे पोलाद किरणोत्सारी."

खरा भाग आधी. 16 जुलै 1945 ला अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली अणुचाचणी झाली. पुढे 1980 पर्यंत जगभरात उघड्या हवेत पाचशेहून अधिक चाचण्या झाल्या. त्यांची धूळ वातावरणात पसरली. पोलाद बनवायला हवा लागते आणि भरपूर लागते: ब्लास्ट फर्नेसमध्ये एक टन कच्चे लोखंड काढायला दीड टनाच्या आसपास हवा फुंकावी लागते. पुढे त्यातला कार्बन जाळायला बेसेमर पद्धतीत पुन्हा हवा, आणि 1950 नंतरच्या एलडी पद्धतीत हवेतूनच वेगळा काढलेला ऑक्सिजन. हवेत जे असेल त्यातले थोडे धातूत उतरते.

पण काय उतरते, हे बघायला हवे. चाचण्यांच्या धुळीतले सीझियम भट्टीच्या धुरात उडून जाते, स्ट्रॉन्शियम स्लॅगमध्ये जाते. लोखंडात लोखंडासारखा विरघळून राहणारा त्रासदायक पाहुणा म्हणजे कोबाल्ट-60, कोबाल्टचा किरणोत्सारी प्रकार. आणि त्याचा मोठा वाटा बॉम्बचा नव्हताच. कित्येक कारखान्यांत ब्लास्ट फर्नेसच्या आतल्या विटा किती झिजल्या हे कळावे म्हणून विटांमध्ये कोबाल्टचे छोटे सोर्स मुद्दाम बसवत. वीट झिजली की सोर्स वितळून लोखंडात. बाहेरून मोजले की किरण कमी झालेले दिसत, म्हणजे वीट गेली. हुशारीची युक्ती, पण ते कोबाल्ट पोलादात कायमचे मिसळले. बॉम्बच्या नावावर खपणारी बरीचशी किरणे अशी घरचीच आहेत.

आता किती? ब्रिटन, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी 1963 मध्ये उघड्यावरच्या चाचण्या थांबवण्याचा करार केला. त्या साली, म्हणजे सगळ्यात वाईट वर्षी, चाचण्यांमुळे माणसाला मिळणारी जास्तीची मात्रा जागतिक सरासरीने वर्षाला 0.11 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांचे माप) होती. आज ती 0.005 च्या आसपास आहे. जमीन, आकाश, हवा आणि अन्न यांतून नैसर्गिकरीत्या मिळते ती मात्रा वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट. आणि कोबाल्ट-60 दर 5.27 वर्षांनी निम्मे होते. 1963 च्या पोलादात जे होते ते 60 वर्षांत 11 वेळा निम्मे झाले. दोन हजारातला एक भागही उरलेला नाही.

आजचे चांगले स्टेनलेस घेतले तर किलोमागे कोबाल्टचे काही मिलिबेकरेल, फार तर काही दहा मिलिबेकरेल सापडतात. (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणे, मिलिबेकरेल त्याचा हजारावा भाग.) तुमच्या-आमच्या शरीरात नुसत्या पोटॅशियममुळे किलोमागे साठेक बेकरेल असतात, म्हणजे त्या पोलादाच्या हजारपटीहून जास्त. तेव्हा नव्या पातेल्याला भिणाऱ्याने आधी नवऱ्याला स्वयंपाकघरातून बाहेर काढावे.

"पाण्याने पोलाद शुद्ध राखले."

नाही. पाण्याने फक्त गंज दिला. पोलाद शुद्ध की अशुद्ध हे ते भट्टीतून बाहेर पडले त्या दिवशी ठरते. एकदा थंड झालेल्या प्लेटमध्ये हवेतली धूळ शिरत नाही, मग ती प्लेट समुद्रात असो, आजोबांच्या माळ्यावर असो, की प्रतापनगरच्या रेल्वे यार्डात. वर धूळ बसलीच तर घासली की गेली.

याचा पुरावा म्हणून एकच जहाज सांगतो, 'यूएसएस इंडियाना'. अमेरिकन युद्धनौका, 1941 मध्ये पाण्यात उतरवलेली, दुसरे महायुद्ध लढलेली, आणि कधीच न बुडालेली. 1963 मध्ये ती सरळ मोडीत विकली गेली. तिच्या जाड चिलखती प्लेटा अमेरिकेत युटा आणि इलिनॉयमधल्या वैद्यकीय केंद्रांत शरीरातला किरणोत्सार मोजण्याच्या खोल्यांना लावल्या गेल्या. समुद्रतळाचा काही संबंध नाही. लागत होते ते युद्धापूर्वीचे किंवा युद्धातले, जाड, एकसंध आणि कुठे कधी बनले याची कागदोपत्री नोंद असलेले पोलाद.

समुद्राची कथा कुठून आली असावी, तर शिशातून. शिशाचे शास्त्र वेगळे आहे आणि मला विचाराल तर जास्त मजेशीर. खनिजातून शिसे गाळताना युरेनियम आणि त्याची इतर पिलावळ बाजूला पडते, पण शिसे-210 हे स्वतःच शिसे असल्याने मागे राहते. ते 22.3 वर्षांनी निम्मे होते. म्हणजे ताज्या शिशात किरणे जास्त, जुन्यात कमी, आणि दोन हजार वर्षे पडून राहिलेल्या शिशात जवळजवळ शून्य. सार्डिनियाच्या किनाऱ्याजवळ 1988 मध्ये एक रोमन जहाज सापडले, त्यात सुमारे हजार लाद्या, एकेक तेहतीस किलोंच्या घरात. इटलीच्या अणुभौतिकी संस्थेने ते उत्खनन करायला पैसे दिले, त्या बदल्यात काही लाद्या मिळवल्या, आणि 2010 मध्ये त्यांतल्या 120 ग्रान सासोच्या डोंगराखालच्या प्रयोगशाळेत नेल्या. क्युओर नावाच्या न्यूट्रिनोविषयीच्या अतिसंवेदनशील प्रयोगाभोवती संरक्षण म्हणून. लाद्यांवरचे रोमन शिक्के कापून जपले, बाकी वितळवले. काही पुरातत्त्ववाल्यांना हे रुचले नाही, आणि त्यांचे म्हणणे मला बिनबुडाचे वाटत नाही.

तर शिशात वय कामाचे, पोलादात जन्मतारीख. मजकूर लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच पातेल्यात टाकून ढवळले.

"एमआरआय, एक्स-रे, उपग्रह सगळे त्याच पोलादाचे."

एमआरआय चुंबक आणि रेडिओ लहरींवर चालते. तिथे किरणोत्सार मोजतच नाहीत, तर पोलादात कोबाल्ट किती याने काय फरक पडणार? एक्स-रे ट्यूबमधून निघणाऱ्या किरणांपुढे प्लेटमधले मिलिबेकरेल म्हणजे काहीच नाही. आम्ही इरिडियमच्या सोर्सने फिल्म काढतो तेव्हाही तेच. उपग्रहाबद्दल तर बोलायलाच नको, तो वैश्विक किरणांच्या पावसातच फिरतो.

हे पोलाद लागते ते जिथे जवळजवळ काहीच नसलेले मोजायचे असते तिथे. एखाद्या अणुकेंद्रातल्या कामगाराच्या फुप्फुसात प्लुटोनियमचा कण गेला का, माती-पाण्याच्या नमुन्यात सूक्ष्म मात्रा आहे का, किंवा न्यूट्रिनो या क्वचितच पकडीत येणाऱ्या अतिसूक्ष्म कणाच्या शोधात वर्षाला मोजक्या घटना पकडायच्या आहेत. तिथे भिंत स्वतःच बडबडत असेल तर कुजबुज ऐकू येत नाही. मात्र ही गरज आता आटत चालली आहे. हवा निवळली आहे, नव्या पोलादाचे नमुने तपासून स्वच्छ हीट (भट्टीतून एका वेळी निघणारा घाणा) निवडता येते, आणि मोठे प्रयोग पोलादालाच बाजूला सारतात. न्यूट्रिनोविषयीच्या मेजोराना प्रयोगाने जमिनीखालीच विजेने चढवलेले तांबे वापरले. कृष्णद्रव्य, म्हणजे विश्वातला न दिसणारा पदार्थ, शोधणाऱ्या लक्स-झेपलिन प्रयोगाची टाकी टायटेनियमची आहे.

"म्हणून बुडालेली जहाजे चोरीला जात आहेत."

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण यात चोराला शास्त्रज्ञाचा कोट घातला आहे.

आधी स्कापा फ्लो. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांतले हे नैसर्गिक बंदर. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन नौदलाची 74 जहाजे तिथे अडकवून ठेवली होती. 21 जून 1919 ला ॲडमिरल फॉन रॉयटरच्या हुकमाने जर्मन खलाशांनी ती स्वतःच बुडवली, 52 तळाशी गेली. "शुद्ध पोलादाची खाण" म्हणून हीच जागा दाखवतात. पण ती वर काढली केव्हा? अर्नेस्ट कॉक्स नावाच्या भंगार व्यापाऱ्याने 1924 पासून. या माणसाला जहाज वर काढण्याचा अनुभव शून्य. बुडालेल्या जहाजाची भोके बुजवून आत हवा भरायची आणि अख्खे जहाज उलटे तरंगत वर आणायचे, हे त्याची माणसे करता करता शिकली. 'हिंडेनबर्ग' हे सव्वीस हजार टनांचे धूड 1926 मध्ये जमले नाही, 1930 मध्ये वर आले. एवढे करून कॉक्सच्या वहीत शेवटी तोटाच. त्याचा धंदा नंतर दुसऱ्या कंपनीने चालवला, आणि दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत बहुतेक ताफा वर येऊन मोडला गेला होता. म्हणजे अणुबॉम्ब फुटायच्या आधीच! कॉक्सने विकले ते साधे भंगार, साध्या भावाने. खाली उरल्या त्या तीन युद्धनौका आणि चार क्रूझर (त्यांहून लहान लढाऊ नौका). त्यांच्यातून नंतर काढलेले थोडे तुकडे संवेदनशील उपकरणांकडे गेले, हे खरे. 2001 पासून त्या संरक्षित स्मारक आहेत.

आता चोरी. 27 फेब्रुवारी 1942 च्या जावा समुद्रातल्या लढाईत बुडालेल्या 'डी राउटर' आणि 'जावा' या डच क्रूझर 2016 मध्ये तळाशी उतरलेल्या पाणबुड्या माणसांना सापडल्याच नाहीत. तळावर फक्त जहाजाच्या आकाराचा खड्डा. 'कोर्टेनार' या डच विनाशिकेचा मोठा भाग गायब. ब्रिटिश 'एक्झिटर'चेही तेच. मलेशियाजवळ 10 डिसेंबर 1941 ला जपानी विमानांनी बुडवलेल्या 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या दोन नौकांवर 840 खलाशी मेले. त्या अजून खालीच आहेत, आणि 2023 मध्ये मलेशियाच्या सागरी दलाने पकडलेल्या एका चिनी ग्रॅब-ड्रेजरवर (पंज्याने तळ उपसणाऱ्या जहाजावर) जुने तोफगोळे आणि गंजलेले लोखंड सापडले.

हे सगळे "दुर्मीळ पोलादासाठी" होते का? चोरीची पद्धत बघा. क्रेनला बांधलेला लोखंडी पंजा खाली सोडायचा, जहाज ओरबाडायचे, जे येईल ते बार्जवर टाकायचे. आधी जातात ते जहाज ढकलणारे पंखे (प्रोपेलर), कारण ते काशाचे. मग तांब्याच्या केबली, पितळी कंडेन्सर. किलोला खरा पैसा तिथे आहे. उरलेले पोलाद हजारो टनांनी भंगार म्हणून भट्टीत.

आणि भट्टीत गेले की विषयच संपला. हा मुद्दा कोणीच सांगत नाही, म्हणून जरा थांबतो. जुन्या प्लेटचे मोल तिच्या जन्मतारखेत आहे. ती पुन्हा वितळवली, त्यात आजचे भंगार मिसळले, आजचा ऑक्सिजन फुंकला, की ती आजचीच झाली. प्रयोगशाळेला अख्खी प्लेट हवी असते: कोणत्या जहाजाची, कोणत्या भागातली, मधल्या काळात दुरुस्ती झाली का. ती थंडच कापायची, मशीनवर घासायची, शक्यतो बोल्टने जोडायची. वेल्डिंग करायचे तर तेही जपून. आमच्याकडे टिग वेल्डिंगला लाल टोकाचा टंगस्टन वापरतात, त्यात 2 टक्के थोरियम असते, आणि थोरियम स्वतः किरणोत्सारी. टोक घासताना उडणारी धूळ तशा खोलीत गेली तर जुन्या पोलादाचा अट्टहास वाया. पंज्याने फाडलेल्या, दहा जहाजांच्या मिसळलेल्या ढिगाऱ्याला कोण विचारतो? ज्याला नोंदच नाही त्याला हीट नंबर कुठून आणणार?

दोन-चार तुकडे कुठे मागच्या दाराने गेले असतील तर असोत. पण टनावारी लुटीचे कारण तांबे, कासे आणि भंगाराचा साधा भाव. मेलेल्या खलाशांच्या हाडांसकट जहाज उचलणाऱ्याला "विज्ञानाच्या गरजेपोटी" ही सबब मजकूर लिहिणारे फुकटात देतात.

"अलंगचे एजंट किलोला लाखो देतात."

अलंग म्हणजे जुनी जहाजे मोडायचा किनारा, आपल्याला खंबातच्या आखातापलीकडे. बडोद्यातल्या अर्ध्या हॉटेलांच्या खुर्च्या तिथून आल्यात, तेव्हा नवल नाही की एजंट अलंगचाच निघाला. पण तिथे पहिले जहाज किनाऱ्याला लागले 1983 मध्ये, आणि येतात ती पंचवीस-तीस वर्षे चाललेली व्यापारी जहाजे. यातले जवळजवळ काहीच 1945 पूर्वीचे नाही. त्यांच्या प्लेटा भावनगर-सिहोरकडच्या रोलिंग मिलमध्ये तापवून सळ्या काढतात, बऱ्याचदा न वितळवता. त्या धंद्यात भाव वजनाचा, जाडीचा आणि गंजाचा. जन्मतारखेचा नाही.

राहिला तुमचा गर्डर. जुन्या वाड्यांच्या आणि चाळींच्या छतात इंग्रजी कंपनीचे नाव उठवलेले किंवा टाटाचे गर्डर निघतात, शंभर वर्षे जुने. हो, ते खरोखर अणुचाचण्यांपूर्वीचे पोलाद आहे. आणि तो गर्डर काढला तर बाजारात त्याला भंगाराचाच भाव येईल, फार तर दुसऱ्या छताला सरळ वापरणारा गिऱ्हाईक चार रुपये जास्त देईल. आता तुम्हीच बघा: सगळ्या हिंदुस्थानात, रेल्वेच्या पुलांत, गिरण्यांच्या शेडमध्ये, असे लाखो टन लोखंड उभे आहे. इतके ढीगभर मिळते ते सोन्याहून महाग कसे होईल?

मला काळजी एजंटाच्या पुढच्या वाक्याची आहे. "नमुना तपासायला मुंबईहून शास्त्रज्ञ येतील, त्यांच्या खास कपड्यांचे आणि टेस्टिंगचे पैसे आधी भरा." हे नवे नाही. 'राइस पुलर' नावाने तांब्याच्या भांड्यांची हीच फसवणूक देशभर वर्षानुवर्षे चालू आहे: भांडे तांदूळ ओढते, त्यात विजेची शक्ती आहे, परदेशी अंतराळ संस्था कोट्यवधी देणार. 2018 मध्ये दिल्ली पोलिसांनी एका बाप-लेकाला याच आरोपाखाली पकडले, किरणोत्सारापासून बचावाच्या चंदेरी सूटसकट. फसलेला माणूस अडाणी नव्हता, व्यापारी होता. गर्डरचा मजकूर म्हणजे त्याच नाटकाचा नवा अंक. कोणी तपासणी शुल्क मागितले तर पोलिसांत जा.

मजकुरात जे नाही, तेही सांगायला हवे, कारण भंगारातल्या किरणोत्साराची भीती खोटी नाही. फक्त तिचा पत्ता चुकला आहे.

डिसेंबर 1983 मध्ये मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेझमध्ये कर्करोगावरच्या उपचाराचे एक जुने कोबाल्ट यंत्र भंगारात गेले. आत सुमारे 6,000 बारीक गोळ्या. त्या भंगाराबरोबर वितळल्या आणि त्यांच्या सळ्या झाल्या. जानेवारी 1984 मध्ये तशा सळ्या घेऊन जाणारा एक ट्रक रस्ता चुकून अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या दाराशी गेला आणि तिथला अलार्म वाजला. ट्रक रस्ता चुकला नसता तर कधी कळले असते कोण जाणे. तोवर सळ्या घरांच्या भिंतींत जाऊन बसल्या होत्या.

2008 मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट सापडले. पोलाद भारतातून गेलेले होते. आणि एप्रिल 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले, पंचवीस वर्षे न वापरलेले गॅमा यंत्र लिलावातून पोचले. कामगारांनी शिशाचे आवरण फोडले. कातडी काळी पडली, केस गळले, एकजण मेला. यातल्या एकाही घटनेत बॉम्बचा हात नव्हता. कागदपत्रांत हरवलेला एक सोर्स, एवढेच.

म्हणून आपल्याकडचे भंगारवाले शेठ वाचत असतील तर त्यांना एकच विनंती. भंगारात आकाराच्या मानाने फार जड डबा आला, शिशाने भरलेला, त्यावर तीन पात्यांची पिवळी-काळी खूण असेल, तर तो फोडू नका, कापू नका, गॅस कटर जवळ नेऊ नका. माणसे लांब उभी करा आणि पोलिसांना कळवा, ते अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवतात. खूण घासून गेलेलीही असू शकते. अशा वेळी नुसत्या वजनावरून शंका घ्या: हाताएवढा डबा उचलायला दोन माणसे लागली, की हात काढा.